मानव विकासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व: वर्गणी भरण्याआधी आणि भरल्यानंतर काय करायचं

बहुतेक अभ्यासक हे काम उलट्या क्रमाने करतात. आधी वर्गणी भरतात, मग बायोडेटात एक ओळ वाढवतात, मग वर्षभर वाट बघतात की काहीतरी घडेल. काही घडत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची आठवण आली की ‘पैसे वाया गेले’ म्हणून सोडून देतात.

सदस्यत्वाने संशोधनासाठी पैसा मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि निबंधही आपोआप छापून येत नाही. मिळू शकतं ते एवढंच: तुमच्याच प्रश्नावर डोकं खपवणारी चार-सहा माणसं तुमचं अर्धकच्चं लिखाण वाचतात आणि त्यातली भोकं दाखवतात. सहलेखक, प्रबंधाचे बाह्य परीक्षक, शिफारसपत्रं आणि एकत्रित प्रकल्प पुढे त्यातूनच येतात. ती चार-सहा माणसं गाठायची तर कामाचा क्रम खाली दिल्याप्रमाणे ठेवा.

टप्पा १: आपला ‘मानव विकास’ कोणता ते ठरवा

पहिला घोटाळा इथेच होतो. या एका नावाखाली दोन वेगळी ज्ञानक्षेत्रं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

एक परंपरा अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान आणि सार्वजनिक धोरणाची. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे १९९० पासूनचे मानव विकास अहवाल, अमर्त्य सेन आणि तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांचा क्षमता दृष्टिकोन (माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं आणि कसं जगता येतं, यावरून विकास जोखणारा विचार), बहुआयामी दारिद्र्याचं मापन (म्हणजे गरिबी नुसत्या उत्पन्नावरून न मोजता आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांवरून मोजणं) हे सगळं तिच्यात येतं. दुसरी परंपरा विकासात्मक मानसशास्त्राची: बालपणापासून वार्धक्यापर्यंत माणसाची वाढ कशी होते, याचा अभ्यास. ‘ह्यूमन डेव्हलपमेंट’ एवढंच नाव असलेलं जर्नल या दुसऱ्या परंपरेतलं आहे. दारिद्र्यमापनावरचा निबंध तिथे पाठवणारे लोक असतात, आणि तो परत का आला हे त्यांना बराच काळ उमगत नाही.

आता एक पान घ्या आणि तीन गोष्टी लिहा: तुमचा प्रश्न एका वाक्यात, त्याचं उत्तर शोधायला हाताशी असलेली सामग्री, आणि ज्यांच्या लिखाणाशी तुमचा वाद किंवा संवाद आहे असे पाच अभ्यासक. पाच नावं सुचत नसतील तर अजून वाचन बाकी आहे. तेवढा वेळ वर्गणी थांबू शकते.

तपासा: त्या पाच जणांची अलीकडची व्याख्यानं कोणत्या परिषदांमध्ये झाली? ज्या परिषदेचं नाव पुन्हा पुन्हा येतं, तिथेच तुमची माणसं जमतात.

टप्पा २: संघटना निवडा, आणि बनावट ओळखा

क्षमता दृष्टिकोन आणि मानव विकास यांवर काम असेल तर पहिलं नाव ह्यूमन डेव्हलपमेंट अँड कपेबिलिटी असोसिएशन, म्हणजे एचडीसीए. २००४ मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे तिची सुरुवात झाली. सेन पहिले अध्यक्ष आणि नुसबाम त्यांच्यानंतरच्या. इथल्या अभ्यासकाला जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे तिची वार्षिक परिषद देश बदलत फिरते: २००८ मध्ये नवी दिल्ली, २०१७ मध्ये केप टाउन, २०१८ मध्ये ब्युनॉस आयर्स, २०१९ मध्ये लंडन, २०२४ मध्ये कोलकाता. प्रवासखर्च झेपत नसेल तर परिषद आपल्या जवळ येईल त्या वर्षासाठी निबंध तयार ठेवणं, हाही एक हिशेब आहे.

काम जीवनमानाच्या निर्देशकांवर किंवा सुख-समाधानाच्या मापनावर असेल तर इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्वालिटी-ऑफ-लाइफ स्टडीज पाहा. मुलांच्या वाढीवर किंवा वयानुसार होणाऱ्या वर्तनबदलांवर असेल तर इंटरनॅशनल सोसायटी फॉर द स्टडी ऑफ बिहेव्हियरल डेव्हलपमेंट. सुरुवातीला एकाच ठिकाणी राहा. तीन संघटनांची वर्गणी भरून तिन्हीकडे अनोळखी राहिलेले लोक बरेच असतात.

सावधान: ‘मानव विकासावरील आंतरराष्ट्रीय परिषद’ असं भारदस्त नाव घेऊन मेलवर येणाऱ्या आमंत्रणांपैकी पुष्कळशी निव्वळ दुकानं असतात. अभियांत्रिकीपासून योगापर्यंत सगळे विषय एकाच परिषदेत, गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत ‘अभिनंदन’, छापण्याची आधीच दिलेली हमी, आणि समितीतल्या नावांपुढे विद्यापीठच नाही, ही त्यांची लक्षणं. शंका आली तर समितीतल्या एखाद्या ओळखीच्या नावाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर सरळ विचारा. आपलं नाव परस्पर वापरलं गेलंय हे काहींना तेव्हाच कळतं.

टप्पा ३: वर्गणी भरण्याआधीची झाडलोट

हा टप्पा छोटा आहे, पण इथे आळस केला तर पुढे अडतं.

ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा कायमचा क्रमांक, काढा. तो १६ अंकी आणि मोफत असतो, आणि नावाचं स्पेलिंग कुठे कसंही छापलं गेलं तरी तुमचं काम एका ठिकाणी दिसतं. तुमच्याच आडनावाचे शेकडो लोक लिहीत असतील तर हे फारच महत्त्वाचं. यापुढे सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहा.

सदस्यत्वाचे प्रकार वाचा. विद्यार्थ्यांना आणि कमी उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासकांना बऱ्याच संघटना सवलत देतात, पण ती मागावी लागते, आणि चुकीच्या प्रकारात भरलेले पैसे परत मिळवणं जिकिरीचं असतं. वर्ष कसं मोजतात तेही पाहा. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरत असतील तर नोव्हेंबरात भरलेली वर्गणी दोन महिन्यांत संपते. भरल्या तारखेपासून बारा महिने मोजत असतील तर परिषदेची तारीख त्या मुदतीत बसतेय का ते बघा, कारण निबंध सादर करणाऱ्याचं सदस्यत्व चालू असावं अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

सदस्यांच्या यादीत दिसणाऱ्या परिचयात ‘रस: विकास, लिंगभाव, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण’ असं लिहू नका. एवढ्या सगळ्यात रस असलेल्या माणसाशी कोण कशाबद्दल बोलणार? पहिल्या टप्प्यात लिहिलेलं प्रश्नाचं वाक्य जसंच्या तसं टाका.

टप्पा ४: पहिले तीन महिने गटात, व्यासपीठावर नव्हे

मोठ्या संघटनांमध्ये विषयगट असतात. एचडीसीएत शिक्षण, आरोग्य आणि अपंगत्व, मुलं आणि तरुण, संख्यात्मक पद्धती, सहभागी पद्धती अशा विषयांवर गट आहेत. खरी देवाणघेवाण तिथे चालते: ऑनलाइन चर्चा, निबंधांचं वाचन, परिषदेसाठी एकत्र पॅनेल (एकाच विषयावरच्या निबंधांचं सत्र) बांधणं. एकच गट निवडा, फार तर दोन.

त्याच काळात संघटनेच्या जर्नलचे मागच्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा. सदस्यांना ते बहुधा वर्गणीतच वाचायला मिळतात. एचडीसीएशी जोडलेलं जर्नल २००० मध्ये ‘जर्नल ऑफ ह्यूमन डेव्हलपमेंट’ या नावाने सुरू झालं आणि २००९ पासून त्याच्या नावात ‘अँड कपेबिलिटीज’ जोडलं गेलं. जुने निबंध शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर पहिली नऊ वर्षं हातून निसटतात. सगळं वाचायचं नाही. तुमच्या प्रश्नाजवळचे आठ-दहा निबंध घ्या आणि प्रत्येकात लेखक नेमकं काय मोजतो आणि कशावर गप्प बसतो, एवढं टिपून ठेवा.

मग गटाच्या समन्वयकांना स्वतःची ओळख करून देणारं पत्र. इथे लोक दोन टोकं गाठतात: एक तर बायोडेटा जोडून ‘आपल्या मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत’, नाहीतर काहीच नाही. नमुना असा ठेवा:

‘नमस्कार डॉ. अमुक, मी या महिन्यात गटात सामील झालो आहे. मोफत पास मिळूनही व्हीलचेअर वापरणारे लोक बसने प्रवास का करत नाहीत, यावर माझं काम चालू आहे. मुलाखती झाल्या आहेत, विश्लेषण अर्ध्यावर आहे. सोबतीला माणूस असण्याची सक्ती हा अडसर नेमका कशात मोडायचा, व्यक्तिगत की सामाजिक, इथे मी अडलो आहे. गटात कुणी यावर लिहिलं असेल तर नाव सुचवाल का? पुढच्या चर्चेत टिपणं काढायला माणूस हवा असेल तर मी तयार आहे.’

सात-आठ ओळी, एक नेमका प्रश्न, आणि आपल्याकडून एक काम. शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. समन्वयक ही जबाबदारी बिनपैशांनी सांभाळत असतात आणि हाताखाली कुणी नसतं. टिपणं काढणाऱ्याला दोन-तीन बैठकांत सगळे नावाने ओळखू लागतात.

तपासा: तीन महिन्यांच्या शेवटी गटातल्या निदान दोन माणसांशी तुमच्या प्रश्नावर लेखी बोलणं झालंय का? नसेल तर गट चुकलाय, किंवा तुम्ही अजून नुसते ऐकत बसला आहात.

टप्पा ५: गोषवारा

परिषदेसाठी तुमचा निबंध निवडला जाणार की नाही ते इथे ठरतं, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचा गोषवारा उदाहरणासाठी रचलेला आहे, पण याची भावंडं दर वर्षी ढिगाने पाठवली जातात:

‘अपंगत्व ही आजच्या काळातील एक ज्वलंत समस्या आहे. अमर्त्य सेन यांच्या क्षमता दृष्टिकोनाच्या आधारे प्रस्तुत शोधनिबंधात अपंग व्यक्तींच्या विकासाचा सर्वांगीण आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. निष्कर्षांच्या आधारे काही शिफारशी करण्यात येतील.’

यात प्रश्न नाही, सामग्री नाही, निष्कर्ष नाही. सेन यांचं नाव मखरात बसवलंय, त्यांच्या विचाराकडून काम काहीच करून घेतलेलं नाही. आता तोच विषय:

‘मोफत पास मिळूनही व्हीलचेअर वापरणाऱ्यांचा बसप्रवास का वाढत नाही? एका शहरातल्या पासधारकांच्या दीर्घ मुलाखती आणि त्यांनी स्वतः ठेवलेल्या प्रवासनोंदी यांच्या आधारे मी तीन अडसर दाखवतो: थांब्याची उंची, चालकाची वागणूक आणि सोबतीला माणूस असण्याची सक्ती. पहिले दोन नोंदींत दिसतात. तिसरा दिसत नाही, कारण सोबत नसते त्या दिवशी माणूस घराबाहेरच पडत नाही. त्यामुळे झालेला प्रवास मोजणाऱ्या निर्देशकांतून सर्वांत मोठी उणीव गळून पडते.’

इथे क्षमता दृष्टिकोनाचा उल्लेखसुद्धा नाही, तरी तो प्रत्येक वाक्यात आहे. साधन हाती असणं आणि त्याचं प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर होणं यांतलं अंतर हाच त्या दृष्टिकोनाचा गाभा आहे, आणि परीक्षक तो लगेच ओळखतो. निबंधात पुढे संज्ञा येतीलच.

या क्षेत्रातले परीक्षक काही चुका पहिल्या वाचनातच पकडतात. त्या आधीच काढून टाका.

*मानवी भांडवल आणि मानवी क्षमता यांची सरमिसळ.* शिक्षणामुळे उत्पादन आणि मिळकत वाढते, एवढाच युक्तिवाद असेल तर तो मानवी भांडवलाचा निबंध आहे. क्षमता दृष्टिकोनात शिक्षणाचं मोल मिळकतीवर थांबत नाही. माणसाला मोलाचं वाटणारं आयुष्य जगण्याची मोकळीक त्यातून किती वाढते, हा तिथला प्रश्न.

*माणूस काय करतोय ते मोजून त्याला काय करता आलं असतं याबद्दल बोलणं.* सेन यांचं गाजलेलं उदाहरण उपासाचं आहे: उपास करणारा आणि उपाशी राहणारा, दोघांच्या पोटात अन्न नाही, एकापुढे पर्याय होता, दुसऱ्यापुढे नव्हता. सर्वेक्षणातल्या ‘जेवण: नाही’ या रकान्यातून हा फरक कळत नाही. सामग्री फक्त पहिल्या गोष्टीची असेल तर तसं कबूल करा. परीक्षकाला ही कबुली चालते, बढाई चालत नाही.

*निर्देशांकांची बेधडक तुलना.* मानव विकास निर्देशांकाची (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांचा मिळून काढलेला आकडा) रीत २०१० मध्ये बदलली. साध्या सरासरीऐवजी गुणोत्तर मध्य (जिऑमेट्रिक मीन) आला आणि काही निर्देशकही बदलले. २००९ च्या अहवालातला आकडा नंतरच्या अहवालातल्या आकड्यातून वजा करून ‘प्रगती’ काढणं म्हणजे दोन वेगळ्या मापांची वजाबाकी. रीत तीच राहिली तरी मूळ आकडेवारी मागाहून सुधारली जाते. कालानुक्रमे तुलना करायची असेल तर अहवालासोबत दिलेली सलग मालिका वापरा. बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाचंही तसंच: तीन परिमाणं, दहा निर्देशक, आणि भारित (प्रत्येकाला ठरावीक वजन दिलेल्या) निर्देशकांपैकी एक तृतीयांश किंवा जास्त बाबतीत वंचित असलेली व्यक्ती गरीब, ही जागतिक निर्देशांकाची चौकट. देशोदेशीचे राष्ट्रीय निर्देशांक आपापले निर्देशक घेतात. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवताना हे लिहिलंच पाहिजे.

तपासा: गोषवारा विषयाबाहेरच्या एका वाचकाला द्या आणि विचारा, ‘मी काय म्हणतोय?’ उत्तर ‘अपंगांविषयी काहीतरी’ असं आलं तर पुन्हा लिहा. भाषेची सफाई त्यानंतर. मुद्दा नसलेला गोषवारा सुबक इंग्रजीतही नापासच होतो.

आणखी एक वाट आहे आणि नवखे ती फारशी चोखाळत नाहीत. एकट्याने निबंध पाठवण्याऐवजी गटातल्या दोन-तीन जणांना धरून पूर्ण पॅनेल सुचवा. एकेकटे आलेले निबंध आयोजक जमेल तसे एका सत्रात कोंबतात. मग तुमच्या बसप्रवासाशेजारी कुणाचा तरी कर्जवाटपावरचा निबंध येतो आणि प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. पॅनेलमध्ये शेजारी तुम्ही निवडलेले असतात.

टप्पा ६: परिषदेचा क्रम

गोषवारा स्वीकारल्याचं पत्र आलं की घाई तिकिटाची होते. तिकीट शेवटी काढायचं. आधी प्रवास-अनुदान, कारण त्याची मुदत नोंदणीच्या मुदतीपेक्षा बरीच लवकर संपते. कधी कधी तर अर्ज गोषवाऱ्याबरोबरच करायचा असतो. मग नोंदणी. मग व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र, जे बरेचदा नोंदणीची रक्कम जमा झाल्यावरच निघतं. मग व्हिसा. आणि व्हिसा हाती आल्यावर तिकीट.

सावधान: व्हिसा नाकारला गेला तर नोंदणीचे पैसे किती आणि कधीपर्यंत परत मिळतात, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून ठेवा. ऑनलाइन सादरीकरणाची सोय आहे का, तेही त्याच मेलमध्ये. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरलेली असावी. बऱ्याच देशांची तशी अट असते.

परिषदेआधी उमेदीच्या अभ्यासकांसाठी उन्हाळी शाळा किंवा कार्यशाळा असेल तर ती चुकवू नका. मुख्य परिषदेत शेकडो लोक असतात आणि सगळे घाईत. तिथे थोडेच असतात आणि दिवसभर एकत्र असतात.

सादरीकरणाला बहुतेक ठिकाणी पंधरा ते वीस मिनिटं मिळतात. त्यातली सहा मिनिटं सेन आणि नुसबाम समजावून सांगण्यात घालवू नका, समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्या विषयाची पुस्तकं लिहिलेली असतात. प्रश्न, सामग्री, शोध, आणि शेवटी जिथे तुम्ही अडलात ती जागा. अडलेली जागा उघड दाखवली की प्रश्नोत्तरं कामाची होतात. प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव टिपायला शेजारच्या माणसाला सांगून ठेवा, कारण उत्तर देताना आपल्या कानात काही शिरत नाही. गटाची वार्षिक बैठक याच दिवसांत असते. वेळापत्रकात ती कोपऱ्यात छापलेली असते आणि बरेच जण तेव्हा शहर बघायला गेलेले असतात. पुढच्या वर्षीची पॅनेलं आणि समन्वयक तिथेच ठरतात.

टप्पा ७: परतल्यावरचे दोन आठवडे

ज्यांनी प्रश्न विचारले त्या प्रत्येकाला दोन ओळींचा मेल: तुमच्या प्रश्नामुळे अमुक परिच्छेद बदलतोय. बदललेला परिच्छेद सोबत जोडा, पूर्ण निबंध नको. उत्तर आलं तर पुढच्या मसुद्याला एक वाचक मिळाला.

महिन्याभरात निबंधाचा मसुदा पुरा करा आणि जर्नलला पाठवण्याआधी गटात एकदा वाचायला द्या. सहलेखनाचं ठरत असेल तर लेखकांच्या नावांचा क्रम, सामग्री कुणाची आणि ती कुणी कशी वापरायची, हे पहिल्याच आठवड्यात मेलवर लिहून ठेवा. मैत्री झाल्यावर हे विचारायला अवघड वाटतं, आणि भांडणं नेमकी इथूनच उगवतात. मुलाखती दिलेल्या लोकांची संमती फक्त तुमच्या अभ्यासापुरती असेल तर ती सामग्री परदेशातल्या सहलेखकालाही देता येत नाही. नवी संमती घ्यावी लागते.

जर्नलने परीक्षणासाठी निबंध पाठवला तर पहिल्या एक-दोनदा नाही म्हणू नका. संपादक काय मागतात हे परीक्षण लिहिताना जितकं कळतं तितकं स्वतःचा निबंध परत येऊनही कळत नाही.

नूतनीकरण करायचं की नाही

दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरण्याआधी पहिल्या टप्प्यातलं पान काढा. प्रश्नाचं वाक्य बदललंय का? पाच नावांपैकी किती जणांशी आता पत्रव्यवहार आहे? तुमच्या मसुद्यावर बाहेरच्या कुणाचा तरी शेरा आलाय का? तिन्हींची उत्तरं नकारार्थी असतील आणि चौथ्या टप्प्यातलं काम तुम्ही प्रामाणिकपणे केलं असेल, तर ही संघटना तुमची नव्हे. दुसऱ्या टप्प्याकडे परत जा, दुसरी संघटना निवडा आणि वर्गणी तिकडे भरा. चौथा टप्पाच गाळला असेल तर अजून एक वर्ष द्या, आणि या खेपेला समन्वयकांना मेल आधी लिहा.